ट्रॉफी स्वीकारण्याआधी इंजिनाची हकीकत सांगावी का?

फोंड्याजवळ राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देत आहे.

«माझ्या सासऱ्यांनी १९६९ साली फियाट ११०० डिलाइट घेतली आणि पुढे ती माझ्या यजमानांनी जिवापाड सांभाळली. गाद्या, काचा, मीटर, स्टीअरिंगवरचा गिअर, सगळे पहिलेच आहे. जुन्या गाड्यांच्या क्लबचे ते वीस वर्षे सभासद होते. गेल्या फाल्गुनात ते गेले. यंदा मुलाने गाडी क्लबच्या परीक्षणाला नेली आणि तिला ‘मूळ स्थितीत जतन केलेली सर्वोत्तम गाडी’ हा पुरस्कार जाहीर झाला. तीन आठवड्यांनी पणजीतील एका हॉटेलात क्लबचे वार्षिक स्नेहभोजन आहे. तेथे ट्रॉफी मी स्वीकारावी आणि दोन शब्द बोलावे, अशी अध्यक्षांची इच्छा आहे. त्या दोन शब्दांसाठी यजमानांची फाइल चाळताना मला १९९१ सालचे गॅरेजचे बिल सापडले. मे महिन्यात अनमोड घाटात गाडी तापली, इंजिनाच्या ब्लॉकला (मुख्य ओतीव भागाला) तडा गेला आणि आमच्या मेस्तांनी, म्हणजे गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी, एका पद्मिनी गाडीचे इंजिन काढून तिला बसवले, असे त्यावरून आणि मेस्तांच्या सांगण्यावरून कळले. आर.सी. बुकात नव्या इंजिनाचा क्रमांक आरटीओच्या शिक्क्यासह नोंदवलेला आहे. क्लबच्या अर्जात मात्र ‘इंजिन मूळ आहे का?’ या प्रश्नापुढे मुलाने ‘होय’ असे लिहिले आहे. त्याला हे ठाऊकच नव्हते; १९९१ साली तो चार वर्षांचा होता. आता तो म्हणतो, ‘आई, आता काही बोलू नकोस, बाबांच्या नावाचा पुरस्कार जाईल.’ मी काय करावे? मेस्त आता थकले आहेत, पण त्यांना जेवणाला नेण्याची फार इच्छा आहे. आमंत्रण मात्र दोघांचेच आहे.»

आदरणीय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात माझे लक्ष बिलापेक्षा आर.सी. बुकाच्या उल्लेखाकडे अधिक गेले. त्याविषयी पुढे लिहितेच, परंतु तुम्ही सरळ प्रश्न विचारला आहे, म्हणून उत्तरही आधी सरळ देते. इंजिन बदलल्याची गोष्ट क्लबला सांगावी, ती याच आठवड्यात सांगावी, परीक्षण समितीच्या प्रमुखांना लेखी सांगावी आणि त्या पत्रावर तुमच्यासोबत तुमच्या मुलाचीही सही असावी.

आता आर.सी. बुकाविषयी. मोटार वाहन कायद्यानुसार गाडीचे इंजिन बदलले तर तो बदल परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणीपुस्तकात लिहून घ्यावा लागतो; १९८८ च्या कायद्यातील कलम ५२ हे अशा फेरबदलांविषयीचेच आहे. कायदा असा असला तरी गॅरेजमधून गाडी सुरू होऊन बाहेर पडली की कागदपत्रांचे नंतर पाहू असे म्हणणारी आणि ते ‘नंतर’ कधीच न उगवू देणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तुमच्या यजमानांनी तसे केले नाही. त्यांनी बिल जपून ठेवले, अर्ज केला, तपासणीसाठी गाडी नेली, रांगेत उभे राहिले आणि नवा क्रमांक शिक्क्यासह बुकात उतरवून घेतला. त्या वेळी कोणत्याही पुरस्काराचा प्रश्न नव्हता आणि कोणी विचारणारेही नव्हते. ज्या माणसाने गाडीतील हा एकच मोठा बदल सरकारी दप्तरात स्वतःहून नोंदवला, त्याच्या स्मरणार्थ दिली जाणारी ट्रॉफी तोच बदल झाकून स्वीकारली जावी, हे मला मनापासून अयोग्य वाटते. तुमचा मुलगा ‘बाबांच्या नावाचा पुरस्कार’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनातील माया मला समजते. बाबांचे नाव कोणत्या कागदावर कसे लिहिलेले आहे, ते त्याने एकदा आर.सी. बुक उघडून पाहावे, एवढेच माझे त्याला सांगणे आहे.

तुमच्या मनावर जो भार आहे, त्यातील थोडा तरी हलका व्हावा म्हणून झालेला बदल नेमका किती मोठा आहे, हेही पाहू. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने फियाट ११०० डिलाइट १९६४ पासून आपल्याकडे तयार केली आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले. दोन्हींचे पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातील, १०८९ सीसीचे. मेस्तांनी पद्मिनीचे इंजिन तुमच्या डिलाइटला बसवले म्हणजे एका भावाचा सदरा दुसऱ्याला घातला, असेच म्हणावे लागेल. पेट्रोल परवडत नाही म्हणून फियाटमध्ये आणि अँबेसेडरमध्ये डिझेल इंजिने बसवून घेणारी घरे त्या काळात कमी नव्हती. तुमच्या घराने तो मार्ग धरला नाही, गाडीला तिच्याच जातीचे इंजिन दिले. ब्लॉकला तडा जाण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. ब्लॉक ओतीव लोखंडाचा असतो. मे महिन्यातील चढाच्या घाटात पाणी कमी पडून तो फार तापतो आणि घाबरून त्यावर गार पाणी ओतले गेले की लोखंड एकाच जागी एकदम आकसते आणि फुटते. तसा ब्लॉक सांधून मूळ ताकदीचा करणे फार अवघड असते, म्हणून जाणकार मेस्त ब्लॉकच बदलण्याचा सल्ला देतात. तेव्हा १९९१ साली जे झाले ते चांगल्या हाताने, योग्य कारणासाठी झालेले काम होते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

परंतु काम योग्य होते म्हणून अर्जातील उत्तर खरे ठरत नाही. अर्जाने ‘इंजिन योग्य आहे का?’ असे विचारले नव्हते, ‘मूळ आहे का?’ असे विचारले होते.

जुन्या गाड्यांच्या जगात ‘मूळ’ या शब्दाला इतके वजन का आहे, हे ठाऊक असले की समितीपुढे बोलणे तुम्हाला सोपे जाईल, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. रंगरंगोटी करून, क्रोम नव्याने चढवून, गाद्या नव्याने शिवून गाडी पहिल्या दिवसासारखी दिसेल अशी करणे हे एक शास्त्र आहे आणि त्याला पुनर्स्थापनेचे पुरस्कार असतात. जी गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच वापरत आणि जपत आणली गेली, तिचा वर्ग निराळा असतो आणि अलीकडच्या काळात त्या वर्गाचा मान सतत वाढत गेला आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून जुन्या मोटारींचे जे प्रतिष्ठित संमेलन भरते, त्यात २०२४ साली सर्वोच्च पुरस्कार १९३४ सालच्या एका बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. चकाचक न केलेली, आपल्या वयाच्या खुणा अंगावर वागवणारी, जतन वर्गातील गाडी तेथे सर्वोच्च ठरण्याची ती पहिलीच वेळ होती. याचा अर्थ असा की परीक्षक आता चकाकीपेक्षा प्रामाणिकपणाकडे अधिक बारकाईने पाहू लागले आहेत, आणि गाडीचा प्रामाणिकपणा तिच्या कागदपत्रांतून आणि मालकाच्या शब्दांतूनच कळतो. रंग, काचा, गाद्या परीक्षकांना डोळ्यांनी तपासता येतात. इंजिनाचा क्रमांक पहिल्यापासूनचा आहे की नाही, यासाठी त्यांना बहुतेक वेळा अर्जातील उत्तरावरच विसंबावे लागते.

तुम्हाला धीर देणारी गोष्टही याच विषयात आहे. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने जतनाविषयी एक सनद तयार केली आहे, तिला ट्युरिन सनद म्हणतात. गाडीच्या नेहमीच्या वापराच्या काळात तिच्यात जे बदल झाले ते तिच्या इतिहासाचे साक्षीदार आहेत, म्हणून ते पुसून टाकू नयेत, जपावेत, असे ती सनद सांगते. आणि जे काही काम केले जाईल त्याची नोंद ठेवावी, असाही तिचा आग्रह आहे. १९९१ साली तुमची फियाट रोजच्या वापरातील गाडी होती. अनमोड घाटातील ती दुपार, मेस्तांनी शोधून आणलेले ते इंजिन आणि फाइलमधील ते बिल या गाडीच्या चरित्राचाच भाग आहे. बदल सांगितल्याने तुमची गाडी हलकी ठरत नाही, उलट सनदेला हवी तशी नोंद असलेली गाडी ठरते. हे समितीला सांगताना संकोच करू नका.

आणखी एका माणसाचा विचार मला या प्रसंगी करावासा वाटतो, ज्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. परीक्षणाच्या दिवशी तुमच्या गाडीशेजारी दुसऱ्या कोणाची तरी गाडी उभी असेल. समजा त्याच्या गाडीचेही इंजिन कधीतरी बदललेले असेल आणि त्याने अर्जात तसे खरेखुरे लिहिले असेल, तर त्याच एका रकान्यामुळे तो मागे राहिला असण्याची शक्यता आहे. ते तसे झाले आहे असे मी म्हणत नाही, पण तुम्ही गप्प राहिलात तर ते कधीच कळणार नाही, आणि मग त्या माणसाचे खरे बोलणे त्याला महागात पडले असा त्याचा अर्थ होईल.

मी स्वतः एकदा गावपातळीवरील एका भजन स्पर्धेच्या परीक्षक मंडळावर होते. भजन मंडळातील सर्व कलाकार गावातीलच असावेत, असा तेथे नियम होता. निकाल जाहीर झाला, ढाल दिली गेली, फोटो निघाले आणि दोन दिवसांनी विजयी मंडळाचा प्रमुख आमच्याकडे येऊन म्हणाला की त्यांचा पखवाजवादक शेजारच्या गावचा होता, हे त्याने स्पर्धेपूर्वीच सांगायला हवे होते. तो माणूस खरा होता यात शंका नाही. परंतु तोवर दुसऱ्या क्रमांकाचे मंडळ घरी गेले होते, वर्तमानपत्रात बातमी आली होती आणि आम्ही काहीही केले तरी कोणाचे तरी मन दुखावणार होते. तेच बोलणे ढाल देण्यापूर्वी झाले असते, तर पाच मिनिटांच्या चर्चेत प्रश्न मिटला असता. तुमच्या हाती अजून तीन आठवडे आहेत. ट्रॉफीवर नाव कोरायला जाण्यापूर्वी समितीला कळणे हे त्यांच्याही सोयीचे आहे.

मुलाशी बोलताना त्याने चूक केली, असा सूर लागू देऊ नका. त्याने खोटे लिहिले नाही, त्याला जे ठाऊक होते ते लिहिले. वडील गेल्यानंतर वर्ष उलटत नाही तोच गाडी धुऊनपुसून परीक्षणाला नेणारा मुलगा आहे तो; त्याच्या दृष्टीने ही ट्रॉफी म्हणजे वडिलांसाठी करता येणारी शेवटची गोष्ट आहे आणि ती हातून निसटेल या भीतीने तो गप्प बसण्यास सांगत आहे. त्याला समोर बसवून बिल आणि आर.सी. बुक दोन्ही दाखवा, मेस्तांनी सांगितलेली घाटातील हकीकत ऐकवा आणि समितीला लिहायचे पत्र त्यालाच लिहू द्या. अर्ज त्याने भरला होता, म्हणून दुरुस्तीही त्याच्याच हातून होणे त्याच्या मनासाठी चांगले. मजकूर साधारण असा असावा:

«महोदय, आमच्या फियाट ११०० डिलाइट गाडीच्या अर्जात इंजिन मूळ असल्याचे मी लिहिले होते. माझ्या वडिलांची कागदपत्रे पाहताना असे आढळले की १९९१ साली ब्लॉकला तडा गेल्याने गाडीला त्याच प्रकारचे पद्मिनीचे इंजिन बसवले गेले आणि त्याची नोंद आर.सी. बुकात आहे. अर्ज भरताना मला याची माहिती नव्हती. बिलाची आणि आर.सी. बुकाच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. पुरस्काराविषयी समिती जो निर्णय घेईल तो आम्हाला मान्य असेल.»

एवढे पुरे. यात क्षमायाचनेचा पूर नको आणि ‘तरीही आमचीच गाडी योग्य कशी’ हा युक्तिवादही नको. पत्र पाठवण्यापूर्वी प्रमुखांना दूरध्वनी करून दोन वाक्यांत कल्पना द्या, म्हणजे पत्र त्यांच्या हाती अचानक पडणार नाही. हे सगळे स्नेहभोजनाच्या रात्री व्यासपीठावरून सांगावे, असा विचार तुमच्या मनात आला असेल तर तो कृपया सोडून द्या. तसे केल्यास टाळ्या पडतील, पण परीक्षक चारचौघांत अडचणीत येतील आणि त्यांना निर्णय बदलण्याची मोकळीक उरणार नाही.

समिती काय करील, ते तिच्या नियमांवर अवलंबून आहे. त्याच जातीचे इंजिन चालते असा नियम असेल तर पुरस्कार तुमच्याकडेच राहील; नसेल तर गाडी दुसऱ्या वर्गात जाईल किंवा ट्रॉफी पुढच्या क्रमांकाच्या गाडीला मिळेल. तिसरी शक्यता खरी ठरली तर वाईट वाटेल, आणि वाटू द्यावे. त्या रात्री घरी बसू नका, एवढी मात्र माझी विनंती आहे. वीस वर्षे तुमचे यजमान ज्या माणसांबरोबर कार्बोरेटर आणि गॅस्केट यांच्या गोष्टी करत बसत, ती माणसे तेथे असतील आणि त्यांना तुम्हाला भेटायचे असेल.

एक व्यावहारिक कारणही लिहून ठेवते, कारण मुलगा गाडी पुढे सांभाळणार आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. अशी गाडी प्रदर्शने, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी या नियमांची अट आहे. तुमच्या गाडीचे वय या नियमात बसते. उद्या मुलाने अर्ज केला तर तपासणी करणाऱ्या समितीपुढे हेच आर.सी. बुक उघडले जाईल आणि त्याच जातीचे इंजिन या अटीत बसते की नाही, ते ती समिती ठरवील. त्या वेळी क्लबच्या दप्तरात एक आणि सरकारी दप्तरात दुसरे, अशी स्थिती असू नये.

व्यासपीठावर जाण्याची वेळ आली तर फार बोलण्याची गरज नाही. सासऱ्यांनी गाडी कधी घेतली, यजमान पावसाळ्यात तिची कशी काळजी घेत, हे सांगा. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि समुद्रावरची खारी हवा फोंड्यापर्यंत पोहोचते. अशा हवेत फियाटची फरशी आणि दारांच्या खालच्या कडा पन्नास वर्षांहून अधिक काळ गंजू न देणे म्हणजे काय असते, ते त्या सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक आहे. मग घाटातील दुपारही सांगा, मोकळेपणाने, आणि मेस्तांचे नाव घ्या.

गाडी हॉटेलाच्या दारात मांडायची असेल तर ती उजेडातच न्या. जुन्या दिव्यांच्या मंद प्रकाशात फर्मागुढीचा उतार उतरणे तुमच्यासारख्यांना त्रासाचे होईल. परतीच्या वेळी जो कोणी गाडी चालवणार असेल त्याने मद्याला स्पर्श करू नये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण त्या रात्री तुम्ही ती शून्य धरा. रात्र फार झाली तर गाडी पणजीत नातेवाइकांकडे ठेवून सकाळी आणली तरी चालेल.

मेस्तांविषयी तुम्ही शेवटी आणि भीतभीत लिहिले आहे, मला मात्र ते पत्रातील सर्वांत सुंदर वाक्य वाटले. आमंत्रण दोघांचे असले तरी क्लबच्या सचिवांना दूरध्वनी करून एका जास्तीच्या ताटाचे पैसे आपण भरू असे सांगितले, तर ते नकार देतील असे मला वाटत नाही. या गाड्या कोणाच्या हातांनी चालू राहतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मेस्तांना आमंत्रण मात्र मुलाच्या मोबाइलवरून संदेश पाठवून देऊ नका. तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जा आणि जाताना ते १९९१ सालचे बिल सोबत न्या. त्यावरचे अक्षर त्यांचे स्वतःचे असेल तर ते पाहून त्यांना घाटाविषयी आणखी काही आठवेल, ते लिहून घ्या आणि त्याच फाइलमध्ये ठेवा. स्नेहभोजनाच्या दिवशी दुपारी मुलाला फियाट घेऊन त्यांच्या दारात पाठवा आणि पणजीपर्यंत त्यांना पुढच्या सीटवर बसवा. मागच्या सीटवर तुम्ही बसा. इंजिनाचा आवाज ठीक आहे की नाही, ते वाटेतच सांगतील.